राणीच्या कडेवरचं मोजमाप

पावणेअकरा वाजले होते. तुमसरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये अडतीस खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येक खुर्चीवर नंबर चिकटवलेला होता. एकाही खुर्चीवर माणूस नव्हता.

नागपूरहून आलेले टेक्निशियन शेखभाई पोह्यांची दुसरी प्लेट संपवत होते. पोहे ऐंशी जणांसाठी केले होते. खाणारे पाच होते.

आमच्या प्रकल्पाचे प्रमुख डॉक्टर माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या हातातली यादी घेतली, उलटी करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं आणि परत दिली.

"मॅडम, तारीख सगळ्यांना कळवली होती ना?"

"दोनदा. एकदा गावोगावच्या आशाताईंमार्फत, एकदा मी स्वतः फोनवर."

"मग काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

"सगळे?"

"सगळे."

डॉक्टरांनी खुर्च्यांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

मी त्या वेळी एका संस्थेत वैद्यकीय समाजसेविका होते. काम असं की, ज्या मुलांना एकाच वेळी अनेक आजार असतात, त्यांच्या घरच्यांना कुठे जायचं ते दाखवायचं. अशा मुलांचं झटक्यांचं औषध एका दवाखान्यात मिळतं, व्यायाम दुसरीकडे शिकवतात, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र तिसरीकडे होतं आणि शाळेचा प्रश्न चौथ्या टेबलावर असतो. प्रत्येक टेबलावर आईला मुलाच्या जन्मापासून सांगायला सुरुवात करावी लागते. आम्ही टेबलं शोधून द्यायचो, कागद पुरे करायचो आणि जमेल तेव्हा दोन-तीन टेबलं एका छताखाली आणायचो. भंडारा आणि गोंदिया वेगळे होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आमच्या जुन्या याद्यांत एखादं गाव अजून भलत्याच जिल्ह्यात सापडायचं. तेही निस्तरायचो.

त्या दिवशीचं शिबिर मोजमापाचं होतं. ज्या मुलांना आपल्या आपण बसता येत नाही, त्यांच्यासाठी एक खास खुर्ची मिळते. तिला सीपी चेअर म्हणतात. सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी. जन्माच्या आसपास मेंदूला इजा झाली की स्नायूंवर ताबा राहत नाही, हातपाय ताठ होतात, मान सावरत नाही. ही खुर्ची बाजारातून आणून चालत नाही. कपडे शिवायला देतो तशी अंगाच्या मापाने बनवावी लागते. पाठीची उंची, मांडीची लांबी, कमरेचा कोन, सगळं मोजायचं. माप चुकलं तर मूल घसरतं.

यादीत पंचविसावं नाव आर्याचं होतं. वय सहा, राहणार आंबागड. सीपी, झटके आणि गिळताना त्रास. तिची आई वंदना तिला मांडीवर आडवं ठेवून भरवायची, कारण बसवलं की आर्या फळीसारखी ताठ व्हायची. आडवं भरवलं की ठसका लागायचा आणि थोडं अन्न श्वासनलिकेत जायचं. त्यातून न्यूमोनिया. मागच्या हिवाळ्यात ती दोनदा भरती झाली होती. दुसऱ्या वेळी ऑक्सिजनवर होती. बालरोगतज्ज्ञांनी डिस्चार्जच्या कागदावर शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: बसवूनच भरवावे. कसं बसवायचं, ते लिहायला कागदावर जागा उरली नसावी.

यापूर्वीच्या दोन शिबिरांत आर्याचं माप घ्यायचा प्रयत्न झाला होता. दोन्ही वेळा ती ताठ झाली, रडली, आणि टेक्निशियनने शेरा मारला: मूल सहकार्य करत नाही. दोन शिबिरं, दोन टेक्निशियन, शेरा तोच. शेखभाई तिसरे. त्यांची यादी सोमवारी बंद होणार होती. पुढची फेरी कधी, हे कोणालाच माहीत नव्हतं. हिवाळा मात्र तोंडावर होता.

मी वंदनाला फोन लावला. पलीकडून ढोलकी ऐकू आली, मग भोंगा, मग वंदना.

"हां मॅडम, बोला ना!"

"वंदनाताई, कुठे आहात? शिबिर सुरू झालं."

"आज हाय का शिबिर?"

"तुम्ही हो म्हणाला होतात."

"म्हनलं तं होतंच. तुमी एवढ्या मायेनं सांगून राहिल्या होत्या, तोंडावर नाई कसं म्हनू? पन आज आमच्या गावची मंडई हाय ना, मॅडम. बावीस पावने हायेत घरात. मी निघून आली तं रांधन कोन?"

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे जत्रा, पण नुसती जत्रा नाही. त्या दिवशी गावच्या लेकी, जावई, व्याही, साडू, सगळे त्या गावात येतात. आज या गावची, परवा त्या गावची. या तारखा छापील कॅलेंडरात नसतात. गाव ठरवतं आणि बाकीच्यांना ठाऊक असतं.

शिबिराची तारीख काढताना मी शाळेच्या परीक्षा पाहिल्या होत्या. मोहाडीचा बाजार कोणत्या वारी असतो ते पाहिलं होतं. हलका धान कापून झालेला असेल आणि भारी धानाला अजून वेळ असेल, असा आठवडा मुद्दाम निवडला होता. मी स्वतः लाखांदूरची. लहानपणी मंडईसाठी नवा फ्रॉक मागून रडलेली. तरी मंडई पाहिली नाही. भंडाऱ्यात टेबलावर बसून तारीख काढली की असं होतं.

दुसरा फोन मोहाडी तालुक्यातल्या एका वडिलांना लावला. ते आंबागडला सासुरवाडीला होते. मुलगा सोबत होता. तिसऱ्या फोनवरची आई आंबागडला बहिणीकडे होती. चौथ्या घरची मावशी म्हणाली, सारे आंबागडले गेले, मी घर राखून राहिली. पाचवा नंबर फिरवत होते तेव्हा आमचे ड्रायव्हर मधुकर दारात उभे राहून सुपारी कातरत होते.

"मॅडम, कायले एकेकाले फोन करून राहिल्या? सारे एकाच जागी भेटतीन."

"मधुकर, तुम्हाला माहीत होतं?"

"मायी बायको सकाळीच गेली ना तिकडं."

"मग काल का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठी? तुमी म्हनलं, आठ वाजता गाडी लाव. मी लावली."

डॉक्टर तोपर्यंत निर्णयाला आले होते. "शिबिर रद्द. मी वर कळवतो."

"रद्द नको. हलवू या."

"कुठे?"

"मंडईत."

"मॅडम, मंजुरीच्या पत्रात जागा लिहिलेली आहे."

"पत्रात 'तुमसर तालुका' लिहिलंय. आंबागड तुमसर तालुक्यातच आहे."

डॉक्टरांनी पत्र काढलं आणि दोनदा वाचलं. ते नियमाने चालणारे गृहस्थ होते. नियमात बसतं म्हटल्यावर त्यांना विरोध करता येईना आणि मंडईत शिबिर हे त्यांच्या घशाखाली उतरेना. शेखभाईंनी प्लेट खाली ठेवली.

"साहेब, मले तं मुलं मोजायची हायेत. हॉल मोजून का फायदा?"

साडेअकराला आम्ही निघालो. गाडीत टेप, कोनमापक पट्ट्या, फॉर्मचे गठ्ठे, नमुन्याची एक खुर्ची आणि डॉक्टरांच्या मांडीवर पोह्यांचं पातेलं. दुसरी जागा नव्हती. 'एका मुलासोबत एकच पालक' असा आमचा मोठा बोर्ड होता, तो हॉलमध्येच राहिला. हे आमच्या खूप उशिरा लक्षात आलं.

आंबागडला पोचलो तेव्हा मंडई रंगात आली होती. किल्ल्याच्या टेकडीखाली आकाशपाळणा फिरत होता. जलेबीच्या कढया, उसाचे ढीग, उकडलेले शिंगाडे, प्लास्टिकच्या पिपाण्या. मधोमध मंडप आणि मंडपात दंडार चालू. दंडार हे झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाचं लोकनाट्य. त्यात बायकांची कामंही पुरुषच करतात.

मंडई समितीच्या अध्यक्षांनी आमचं म्हणणं ऐकून घेतलं. गावच्या शाळेची पडवी मंडपाला लागूनच होती. ती त्यांनी लगेच दिली. अट एकच.

"दंडार थांबनार नाई."

"थांबवू नका," मी म्हणाले.

"मंग माइकवरून सांगून देतो."

त्यांनी खूण केली. ढोलकी क्षणभर थांबली आणि तीन भोंग्यांमधून निवेदकाचा आवाज टेकडीवर आदळून परत आला.

"ऐका मंडळी, ऐका! नागपूरवरून डाक्टर लोक आले हायेत! ज्याच्या घरी बसता नाई येत, चालता नाई येत असं लेकरू हाय, त्यानं शाळेच्या पडवीत घेऊन यावं! खुर्चीचं माप घेतलं जाईन! आन पोहे हायेत, ते बी खावावं!"

पोह्यांचं त्याला कोणी सांगितलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पहिली पंधरा मिनिटं जे आले ते सगळे धडधाकट होते. पातेलं रिकामं झालं. डॉक्टरांची मांडी मोकळी झाली. त्यानंतर मुलं येऊ लागली.

एका मुलासोबत सरासरी सात माणसं होती. डॉक्टर पडवीच्या पायरीवर उभे राहून "एकच पालक, एकच पालक" म्हणत होते. त्यांचा आवाज ढोलकीत बुडाला. कोणी ऐकला नाही. ज्यांनी ऐकला त्यांना वाटलं, दंडारीतलं काही असेल.

मी माहिती घेत होते. पहिलाच फॉर्म मोहाडीकडच्या एका मुलाचा.

"पहिला झटका कधी आला?"

"सहाव्या महिन्यात," आई म्हणाली.

"नाई वो! सातव्या," मागून काकू म्हणाली. "माया पोराचं बारसं होतं ना त्या दिशी."

"झटका आला नाई, आला होता ताप. झटका मंग आला," मामा म्हणाला. "मीच तं सायकलवर नेलं दवाखान्यात. चिठ्ठी हाय मायाजवळ."

चिठ्ठी खरंच होती. घडी पडून फाटायला आलेली, मामाच्या पाकिटात, पाच वर्षं. मी त्या कुटुंबाची फाइल त्याआधी तीनदा भरली होती. ती चिठ्ठी फाइलमध्ये नव्हती. कारण मामा कधी आमच्या समोर आला नव्हता.

फॉर्मला मुलाचा फोटो लागायचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, ज्या बैठकीत माप घेतलं त्या बैठकीतला. पडवीची भिंत निळी होती आणि तिच्यावर बाराखडी रंगवलेली. एका म्हाताऱ्याने खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढून दिला. दोन बायांनी तो दोन टोकांना धरला. त्या दिवशीच्या प्रत्येक फोटोत वरच्या कोपऱ्यांत बांगड्या दिसतात.

दीड वाजता यादीतली एकतीस मुलं येऊन गेली होती. यादीत नसलेली नऊ आली. त्यातल्या चार मुलांना आजवर कोणी घराबाहेर काढलं नव्हतं. मंडईला घर रिकामं होतं म्हणून त्यांना सोबत आणलं होतं. एक मुलगी गोंदिया जिल्ह्यातून मामाच्या गावी आलेली.

"ही आपल्या जिल्ह्यातली नाही," डॉक्टर म्हणाले.

मुलीचा आजा पुढे आला. "साहेब, जिल्हा तुमी लोकायनं तोडला. पोरगी कशी तोडाची? हिचा बाप तिकडचा, माय इकडची. कंबरेपासून वरचं माप तुमी घ्या, खालचं थे घेतीन."

पडवी हसली. डॉक्टर हसायचं नाही असं ठरवून खाली फॉर्मकडे पाहत होते. मग त्यांनी पेन काढलं आणि पत्त्याच्या रकान्यात मामाचं गाव लिहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना एका खोडलेल्या अक्षरासाठी अख्खा फॉर्म पुन्हा लिहायला लावताना पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांना काही झालं होतं. पोह्यांनंतर ते जलेबीही खाऊन आले होते.

बावीस पाहुण्यांना जेवू घालून वंदना अडीच वाजता आली. कडेवर नाही, दोन हातांवर आडवी आर्या. सोबत आर्याची आत्या.

शेखभाईंनी घाई केली नाही. आधी आर्याशी बोलले. टेप तिच्या हातात दिली. मग हळूच नमुन्याच्या खुर्चीत ठेवली. पाठ टेकली मात्र, आर्या कमानीसारखी मागे ताणली गेली. पाय कात्रीसारखे एकमेकांवर. मान मागे. तोंडातून किंकाळी आणि लगेच ठसका. वंदनाने तिला उचलून पाठ चोळली.

दहा मिनिटांनी पुन्हा. तेच. वंदनाच्या मांडीवर बसवून पाहिलं. तेच. चटईवर कुशीवर ठेवून पाहिलं. आडव्या मुलाचं बसलेलं माप निघत नाही.

शेखभाईंनी पेनचं टोपण लावलं.

"मॅडम, अंदाजानं माप टाकू शकतो. पन अंदाजाच्या खुर्चीत पोरगी घसरन. घसरली तं पट्टा गळ्यावर येईन. मी नाई टाकनार."

ते बरोबर बोलत होते. वंदनाने पदराने आर्याचं तोंड पुसलं आणि खाली पाहिलं. तिसऱ्यांदा तोच शेरा लिहिला जाणार, हे तिला न सांगता समजलं होतं.

आत्या मात्र चिडली. "अशी काहून करते थे इथं? बाबाजवळ कशी गुमान बसते! रोज सकाळी तलावाच्या पाळीवर कडेवर फिरते घंटाभर."

शेखभाईंनी मान वर केली. "कडेवर? दोन्ही बाजूला पाय टाकून?"

"मंग का डोक्यावर?"

"ताठ नाई होत?"

"बाबाजवळ? कधीच नाई."

शेखभाईंनी टोपण पुन्हा काढलं. बाबा म्हणजे आर्याचे आजोबा, सदारामजी. मी वंदनाला म्हणाले, "त्यांना बोलवा."

वंदना घुटमळली. "आता नाई येता येत त्यायले, मॅडम. राणी हायेत ते."

मी मंडपाच्या मागे गेले. पडद्याआड एका ट्रंकेवर सदारामजी बसले होते. साठीपुढचे, उंच, हाडापेराने मोठे. हिरवं लुगडं, गंगावन, नथ, गालावर गुलाबी रंग, आणि बोटांत विडी. मला पाहून त्यांनी विडी विझवली आणि पदर सावरला.

"काय वो बाई?"

मी दोन वाक्यांत सांगितलं.

"पन माया प्रवेश हाय ना आता. राजा शिकारीवरून वापस आला का मले जा लागते."

"किती वेळ आहे?"

त्यांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. "गानं लांब हाय त्याचं. आन आज त्याले वन्स मोअर भेटून राहिला. चला."

चालता चालता मी विचारलं, "याआधीच्या शिबिरांना तुम्ही का नाही आलात?"

"आलो होतो ना."

"कधी?"

"दोन्ही डाव. तुमच्या पाटीवर एकच मानूस लिवलं होतं. सुनेले आत धाडलं. मी बाहीर झाडाखाली बसलो होतो."

आम्ही पडवीच्या पायऱ्या चढलो.

पडवीत गर्दी बाजूला झाली. राणीने आर्याला उचललं. उचलायची पद्धत वेगळी होती. आधी दोन्ही गुडघे दुमडून छातीशी आणले, मग पाय फाकवून एक पाय पोटाकडे, एक पाय पाठीकडे. कंबर आधी वाकवली की ताठ झालेलं अंग सैल पडतं. फिजिओथेरपीच्या पुस्तकात हे आहे. सदारामजींनी ते पुस्तक पाहिलेलं नव्हतं. ते सहा वर्षं मूल उचलत होते.

आर्या कडेवर बसली. पाठ सरळ. मान आजोबांच्या खांद्याजवळ स्थिर. तिने समोर लटकलेली नथ पाहिली, ती धरायला हात नेला, नेम चुकला, आणि ती मोठ्याने हसली.

"बस!" शेखभाई ओरडले. "हलू नका, राणीसाहेब!"

ते जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि मोजू लागले. कंबर ते गुडघा. गुडघा ते टाच. दोन मांड्यांमधलं अंतर. कंबरेचा कोन. ते आकडे बोलत होते, मी लिहीत होते, डॉक्टर दुसऱ्या कागदावर लिहीत होते. चुकू नये म्हणून.

"आता गिळून पाहू," शेखभाई म्हणाले. आत्या घरी धावली आणि घट्ट पेज घेऊन आली. वंदनाने पहिला चमचा दिला. आर्याने गिळला. ठसका नाही. दुसरा. तिसरा. चौथा. पाचवाही उतरला. वंदना वाटी हातात धरून उभी होती, सहावा द्यायचं विसरून.

"दे ना वो, थे तोंड उघडून राहिली," सदारामजी म्हणाले.

तेवढ्यात भोंग्यांतून राजाचा आवाज आला. "राणीसाहेब! आम्ही शिकारीहून परतलो आहोत!"

कोणी उत्तर दिलं नाही.

"राणीसाहेब!" ढोलकीने एक ठेका जास्त दिला. "राणीसाहेब कुठे आहेत?"

प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "शाळेत गेली तुयी राणी!"

मंडप हसला. राजाने काही क्षण वाट पाहिली. मग तो मुकुट सावरत, तलवार घेऊन सरळ मंडपातून उतरला आणि पडवीकडे आला. त्याच्या मागे ढोलकीवाला. ढोलकीवाल्याच्या मागे प्रेक्षक. दंडार थांबणार नाही, ही अट पाळली गेली.

राजाने पडवीच्या पायरीवर पाय ठेवला. "काहून उशीर, राणी?"

"थांब गा राजा," राणी पुरुषी आवाजात म्हणाली. "नातीची खुर्ची मोजून राहिलो."

शिट्ट्या पडल्या. आर्याला त्या आवडल्या. शेखभाईंनी गर्दीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना पाठीची उंची घ्यायची होती आणि टेप धरायला तिसरा हात लागत होता. त्यांनी टेपचं वरचं टोक सगळ्यात जवळच्या माणसाकडे दिलं. तो राजा होता.

"इथं धरा. घट्ट."

राजाने तलवार डॉक्टरांकडे दिली आणि टेप धरली. दोन बायांनी मागे दुपट्टा ताणला. मी फोटो काढला.

माप पूर्ण झालं तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. सदारामजींनी आर्याला वंदनाच्या कडेवर तशीच दिली, गुडघे दुमडून, आणि हात कुठे लावायचा ते दोनदा दाखवलं. शेखभाईंनी वंदनाला सांगितलं, "खुर्ची येईपर्यंत हिले फक्त असंच भरवा. एकानं धरायचं, एकानं चमचा. आडवं नाई म्हंजे नाई." मग राणी राजासोबत मंडपात गेली आणि पुढचा प्रवेश झाला. राजाची तलवार डॉक्टरांकडेच राहिल्याने त्यात लढाई झाली नाही.

महिन्याभराने वरच्या कार्यालयातून एक पत्र आलं. आमचे सगळे अर्ज मंजूर होते, एक सोडून.

'आर्या हिच्या अर्जात धरणाऱ्या व्यक्तीचे नाते आजोबा असे नमूद आहे. छायाचित्रात महिला दिसते. तसेच मुकुट घातलेली व्यक्ती कोण, याचा खुलासा करावा.'

डॉक्टरांनी मला बोलावलं. आम्ही तीन मसुदे केले. पहिला दोन पानांचा होता, त्यात दंडारीचा इतिहास होता. दुसऱ्यात माफी होती. शेवटी गेला तो असा:

'छायाचित्रातील महिला हे मुलीचे आजोबाच आहेत. मुकुट घातलेली व्यक्ती राजा असून टेप धरण्यासाठी हजर होती. मापे बरोबर आहेत.'

डॉक्टरांनी खाली सही केली आणि शिक्का मारला. सही करताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हसण्याचं. त्यांना तसं हसताना मी नंतर कधी पाहिलं नाही.

आठ दिवसांत उत्तर आलं. एकच शब्द होता: मान्य.

त्या हिवाळ्यात आर्या भरती झाली नाही. वंदना चमचा धरायची, सदारामजी आर्याला. सदारामजी शेतावर असले की आत्याची मोठी मुलगी धरायची. घरातले सगळे शिकले होते. संक्रांत उलटल्यावर खुर्ची आली. शेखभाई स्वतः बसवायला आले. आर्याला तिच्यात ठेवलं, पट्टा लावला. ती ताठ झाली नाही. तिने खुर्चीच्या पुढच्या ट्रेवर हात आपटला आणि पेजेची वाटी शेखभाईंच्या शर्टावर उलटली. शेखभाईंनी शर्टाकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं: हाताची पोच उत्तम.

नंतर आम्ही दोन बदल केले. गावागावाच्या मंडईच्या तारखा मधुकरकडून लिहून घेऊ लागलो. आणि फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: मुलाला सर्वांत जास्त कोण उचलतं? पुढच्या शिबिरात त्या रकान्यात आई बरीच ठिकाणी होती. पण मोठी बहीण होती, चुलता होता, शेजारीण होती, आणि एका ठिकाणी गावच्या पिठाच्या गिरणीवाल्याचं नाव होतं. ज्याचं नाव असेल त्याला आम्ही आत बोलावतो. गर्दी होते, गोंगाट होतो, आणि माहिती लिहायला पानं पुरत नाहीत. 'मूल सहकार्य करत नाही' हा शेरा मात्र त्यानंतर लिहावा लागलेला नाही. सहकार्य कोण करत नव्हतं, ते आम्हाला कळलं आहे.